आधी तबकड्या, मग टर्नटेबल

परवा एका मित्राचा फोन आला. "टर्नटेबल घ्यायचंय. फार महाग नको, पण खेळणंही नको. कुठलं घेऊ?" मी उलट विचारलं, "घरात रेकॉर्ड कुठल्या आहेत?" तो गप्पच झाला.

आपली खरेदी नेहमी यंत्रापासून सुरू होते. माझं म्हणणं, आधी माळ्यावरची पेटी उघडा. आमच्या गोव्यातल्या जुन्या घरांत बरेचदा वर व्हायनलच्या एलपी असतात आणि तळाला लाखेच्या, जड, 78 फेऱ्यांच्या तबकड्या. केसरबाई, मोगूबाई, मास्टर दीनानाथ... यांचं उमेदीतलं गाणं त्या तळातल्या तबकड्यांवर आहे.

गोम अशी, की मध्यम किमतीची बरीच टर्नटेबलं फक्त 33 आणि 45 फेऱ्यांची असतात. रेगाचं प्लॅनर 1 एलपीसाठी झकास, पण त्यात 78 नाहीच. सुटकेसवाले स्वस्त प्लेअर तिन्ही वेग देतात, पण त्यांत सुईचा भार जुळवायची सोय नसते. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी120एक्समध्ये तिन्ही वेग आहेत, प्रीअँप आतच आहे, सुई बदलता येते. शिवाय मोटर थेट थाळी फिरवते, म्हणजे रबरी पट्टा सैल पडायची भानगड नाही. घरात 78 असतील तर मी हेच सांगेन. नुसत्या एलपी असतील तर खुशाल रेगा घ्या.

पण नुसत्या वेगाने भागत नाही. एलपीच्या साध्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण 18 मायक्रॉन, 78च्या सुईची 75च्या आसपास. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी जाते आणि तिथली घाणच वाजवत बसते. हा गाढवपणा मी स्वतः केलाय. आजोबांच्या तबकड्या एलपीच्या सुईवर लावल्या, खरखर ऐकली आणि 'गेल्या या' म्हणून भंगारात द्यायला काढल्या! पुढे योग्य सुई लावली, तेव्हा आतलं गाणं बाहेर आलं. म्हणून 78च्या सुईचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा, आणि सुई बदलली की भार पुन्हा जुळवा.

केरीच्या केसरबाईंची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. नासाने तबकडीबरोबर कार्ट्रिज आणि सुईही पाठवली. ऐकणारा कोण, हे ठाऊक नसताना! आपल्याला तर घरच्याच माणसांना ऐकवायचंय.

असो. मित्राने अजून टर्नटेबल घेतलेलं नाही. माळ्यावर मात्र चढून आला म्हणे.