जुजबी नव्हे, जुजबंदी

मराठी समीक्षेची परिभाषा तपासली, तर तिच्यातले निम्मे शब्द बांधणीच्या कामातून उचलल्यासारखे वाटतात. कथेची 'बांधणी' सैल असते, कादंबरीची 'वीण' घट्ट असते, विद्यार्थी 'निबंध' लिहितो, संशोधक 'प्रबंध' सादर करतो. आणि 'ग्रंथ' या शब्दाचा मूळ धातूच गुंफणे, गाठ मारणे या अर्थाचा आहे. हे शब्द वर्गात रोज उच्चारणाऱ्या अध्यापकांपैकी किती जणांनी आयुष्यात एकदा तरी दाभण हाती घेऊन एखादे फाटके पुस्तक शिवले आहे? प्रश्न खोचक वाटेल. तो तसा वाटावा अशीच आमची इच्छा आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : पुस्तकबांधणी हा साहित्याच्या विद्यार्थ्याने आणि अध्यापकाने शिकावा असा छंद आहे, आणि त्याचे स्थान फावल्या वेळेच्या करमणुकीत नसून पाठचिकित्सेच्या शेजारी आहे. उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावी आम्ही काही अध्यापक आणि पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थी रविवारी बाजारातल्या एका वयस्क बांधणीकाराकडे बसून हे काम शिकू लागलो, तेव्हा जी प्रतिक्रिया सर्वाधिक ऐकू आली ती 'एम.ए. करून शेवटी हेच का?' अशी होती. त्या 'हेच'मध्ये जे दडलेले आहे, त्याच्याशी आमचे भांडण आहे.

प्रथम पुस्तकांची अवस्था पाहू. छापील ताव दुमडला की सोळा-सोळा पानांचे जुज तयार होतात. प्रत्येक जुजाच्या घडीतून दोरा घालून, तो फितीभोवती किंवा सुतळीभोवती वळवून पुढचा जुज त्याला जोडत जाणे, ही जुजबंदी. अशी शिवलेले पुस्तक टेबलावर सपाट उघडते. याच्या उलट, पुस्तकाच्या कडेला आरपार भोके पाडून, सारी पाने एकदम टाचून, वर पुठ्ठा डकवणे हा सोपा आणि स्वस्त मार्ग. सार्वजनिक आणि महाविद्यालयीन ग्रंथालयांतून आज जी 'पक्की बांधणी' आढळते, ती बहुतांशी हीच. तिच्यात आतला समास शिलाई गिळते आणि बाहेरचा समास कटाईचे यंत्र खाते. पुस्तक जोर लावून उघडावे लागते, जोर लावला की जुना कागद घडीपाशी तुटतो. कवितेच्या ओळींची सुरुवातीची अक्षरे कण्याच्या खाचेत गडप होतात. पूर्वीच्या वाचकाने समासात केलेली टिपणे अर्धी कापली जातात.

नियतकालिकांचे हाल तर अधिक. वर्षभराचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिराती 'निरुपयोगी' म्हणून काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी रुळली. मासिक कोणत्या वाचकवर्गासाठी निघत होते, कोणाच्या पैशावर चालत होते, त्याच्या मुखपृष्ठावर कोणत्या चित्रकाराचा हात होता, हे सांगणारा पुरावा असा रद्दीत गेला. मग वाङ्मयेतिहासाच्या चर्चासत्रात 'सामाजिक संदर्भ उपलब्ध नाहीत' अशी खंत व्यक्त करायला आपण मोकळे!

येथे कोणी म्हणेल, की आता सारे संगणकावर येत आहे, मग शिलाईची चिंता कशाला? परंतु प्रतिमांकन करण्यापूर्वी पुस्तक उघडावे लागते. जे पुस्तक उघडत नाही, त्याच्या प्रतिमेतही ओळींची टोके काळ्या सावलीत बुडालेली असतात. बांधणीचा दोष पडद्यावर नाहीसा होत नाही. तो तेथे कायमचा नोंदला जातो.

या दुर्दशेचे खापर बांधणीकाराच्या माथी फोडणे सोयीचे आहे, पण खोटे आहे. ज्यांच्याकडे आम्ही शिकतो त्या चाचांना जुजबंदी उत्तम येते. मैद्याच्या खळीत किडीसाठी मोरचूद किती घालावे, पावसाळ्यात पुठ्ठा वाकू नये म्हणून कागदाचा कल कसा ओळखावा, दोरा किती ताणला म्हणजे घडी फाटत नाही, हे त्यांचे बोट जाणते. पण संस्था दरपत्रके मागवतात, सर्वांत कमी दर मंजूर करतात, आणि त्या दरात जुजबंदी बसत नाही. भारतीय मानक संस्थेने ग्रंथालयीन पुस्तकांच्या बांधणीचे मानक १९६५ सालीच प्रसिद्ध केले होते. ते वाचून आग्रह धरणारे सुशिक्षित खरेदी समितीत नसतील, तर कारागिराच्या ज्ञानाला गिऱ्हाईक कोठून मिळणार? प्रकाशकांनीही यात भर घातली आहे. पुष्कळशा नव्या पुस्तकांत शिलाईच नसते. जुजांच्या घड्या कापून सुटी पाने सरसाने कण्याला चिकटवलेली असतात. विदर्भाच्या दोन उन्हाळ्यांत तो सरस कडक होतो आणि कादंबरी पानापानाने विखुरते. तिची ही 'सैल बांधणी' मात्र एकाही समीक्षकाच्या नजरेस पडत नाही.

आता त्या 'हेच'कडे वळू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलन' या निबंधात दाखवून दिले, की जातिव्यवस्था ही निव्वळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. मराठी विभागांत हा विचार शिकवला जातो, त्यावर प्रबंध लिहिले जातात. आणि त्याच विभागांत शब्दाचे काम वरचे व पुठ्ठ्याचे काम खालचे ही उतरंड निमूटपणे पाळली जाते. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेतून हस्तोद्योगाला शिक्षणाचा गाभा मानणारी योजना पुढे आली. नंतर कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा पुरस्कार केला. शाळेत तो एका तासिकेपुरता उरला, आणि महाविद्यालयापर्यंत तर पोचलाच नाही.

आणि ज्या परंपरेचा आपण अभिमान मिरवतो, ती तरी कोणाच्या हातांनी टिकली? वि. ल. भावे यांनी १९१९-२० मध्ये तुकारामांचा 'अस्सल गाथा' प्रसिद्ध केला तो संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांच्या आधारे. वही म्हणजे शिवलेला कागद. सुट्या पानांची पोथी लाकडी फळ्यांत ठेवून रुमालात बांधली जाई. मठांतून आणि घराघरांतून शिवलेली बाडे असत. पोथी, बाड, वही, रुमाल, दफ्तर हे निव्वळ शब्द नाहीत. पाने कशी एकत्र राहतात आणि कशी सुटतात, याची ती वेगवेगळी उत्तरे आहेत. पोथीत पानांचा क्रम बिघडू शकतो; बाडात घडीचे एक पान निखळले की त्याचे जोडपानही सुटते. हस्तलिखितातील त्रुटित भागाचा विचार करणाऱ्याला हे ठाऊक नको काय? आमच्या एका विद्यार्थिनीने स्वतः चार जुज शिवल्यावर विचारले, "सर, मग एक ओवी गाळलेली असेल तर लेखकाची चूक, आणि दोन ठिकाणी सारख्याच लांबीचा मजकूर नसेल तर एकच ताव गेला, असं म्हणता येईल ना?" पाठचिकित्सेवरच्या आमच्या एका सत्राच्या व्याख्यानांतून हा प्रश्न कधी उगवला नव्हता.

या धंद्याची भाषाही ऐकण्यासारखी आहे. जुज, जिल्द, शिकंजा, कागद, रुमाल, दफ्तर : मराठी ग्रंथाचा देह अरबी-फारसी शब्दांनी बोलतो. 'जुज' म्हणजे भाग. कुराणाच्या तीस भागांनाही हाच शब्द आहे. त्याच कुळातून आलेला 'जुजबी' हा शब्द मराठीत किरकोळ, क्षुल्लक या अर्थाने स्थिरावला. भागाला क्षुल्लक मानण्याची सवय शब्दात उतरली, आणि भाग सांधणाऱ्या हातालाही तिने सोडले नाही. मराठीच्या शुद्धीची चिंता वाहणाऱ्यांनी एकदा चाचांच्या दुकानात बसून पाहावे. तुकारामांची गाथा तेथे शिकंज्यात आवळली जाते, आणि त्यात कोणालाच विसंगती जाणवत नाही.

बांधणी आणखी एक धडा देते. खळीने चिकटवलेला कागद पाण्याच्या ओलाव्याने पुन्हा सोडवता येतो. बाजारातला पांढरा कृत्रिम डिंक एकदा वाळला की सहज सुटत नाही. म्हणून जाणता कारागीर जुन्या पुस्तकाला खळच लावतो : आपली दुरुस्ती उद्या कोणाला काढावीशी वाटली, तर काढता यावी. संपादनशास्त्राचे तत्त्व याहून वेगळे काय आहे? भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिने पाठभेद पुसून टाकले नाहीत, तळटीपेत राखले. आपला निर्णय अंतिम न मानण्याची ही नम्रता वर्गात सांगून कळते. खळीत बोटे बुडवून ती अंगवळणी पडते.

'छंद' या शब्दावर मात्र आमचा आक्षेप नाही, त्याच्या आजच्या वापरावर आहे. महानगरांतील महागड्या कार्यशाळांतून चामडी पाठीच्या देखण्या कोऱ्या वह्या तयार होतात. त्या करणाऱ्यांचा आनंद आम्ही हिरावू इच्छित नाही. पण गावोगावी लिहिलेली पाने विखुरत असताना कोऱ्या पानांचे लाड पुरवणे हा आपला छंद असू शकत नाही. छंद म्हणजे वृत्तही. स्वेच्छेने पत्करलेले बंधन, मापात राहून साधलेली गती. सारख्या ताणाने जुजामागून जुज ओवणाऱ्या हाताला हा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

यात कारागिराच्या पोटावर पाय येईल, अशी शंका काहींनी काढली. उलट आहे. ज्याला काम कळते तोच कामाचा रास्त दर मंजूर करतो. अडाणी गिऱ्हाईकच स्वस्त मागते. म्हणून आमची मागणी साधी आहे. कौशल्याधारित अभ्यासक्रमांत मुद्रितशोधन आणि जाहिरातलेखन आले, तशी पुस्तकबांधणीही यावी. तिचा गुरू गावातला बांधणीकारच असावा, आणि त्याला व्याख्यात्याचे मानधन मिळावे. दाभण, दोरा, खळ, दोन फळ्या आणि वजनाला चार विटा, एवढ्यात काम सुरू होते. विभागाच्या कपाटात कणा मोडलेले एक तरी पुस्तक असेलच. ते शिवून झाल्यावर 'कादंबरीची बांधणी' या विषयावर खुशाल बोलावे.