ग्रीन टी, पण कोणत्या पाण्याचा?

“डॉक्टरसाहेब, दुधाचा चहा सोडला, आता ग्रीन टी घेतो,” असे सांगणारे रुग्ण अलीकडे वाढले आहेत. भरपूर साखर घातलेले चार-पाच कप सुटले, हा लाभ खरोखर मोठा आहे. मात्र त्याचे सारे श्रेय हिरव्या पानांना देण्याची घाई करू नये.

काळा व हिरवा चहा एकाच झुडपाची पाने. (गवती चहा वेगळा, ते गवतच.) खुडलेल्या पानांना लगेच वाफ दिली अथवा ती परतली, की त्यांतील कॅटेचिन नावाची द्रव्ये टिकून राहतात. जपानमधील ओसाकी येथील ४०,५३० प्रौढांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. रोज पाच किंवा अधिक कप पिणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी आढळले. कर्करोगाच्या बाबतीत तसे काही दिसले नाही. वजन उतरण्यावरील परिणाम तर नगण्यच.

हे पाच कप आपण मोजण्यापूर्वी पाण्याकडे पाहावे. पांढरकवडा, झरी-जामणी या परिसरातील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आहे. मुलांच्या दातांवरचे पिवळट-तपकिरी चट्टे आणि प्रौढांचे आखडलेले सांधे आम्हा डॉक्टरांना नवे नाहीत. चहाचे झुडूप मातीतील फ्लोराइड शोषून पानांत साठवते, जून पानांत अधिकच. म्हणजे आधीच्या भारात कपागणिक भर पडते. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड. आपल्या हातपंपाचे पाणी तपासून घ्यावे. ते मर्यादेबाहेर असल्यास शुद्ध केलेले पाणी वापरावे आणि दिवसाला एक-दोन कपांवर थांबावे. आठ वर्षांखालील मुलांना हा चहा देऊच नये. त्या वयात कायमच्या दातांचे आवरण घडत असते.

दुसरी गोष्ट रक्ताची. एका गर्भवतीचे हिमोग्लोबिन नियमित गोळ्या घेऊनही वाढेना. खोदून विचारल्यावर कळले, ती लोहाची गोळी ग्रीन टीच्या घोटाबरोबर घेत होती. ‘पौष्टिक’ म्हणून सासूबाईंनीच तो सुरू केला होता. चहातील द्रव्ये लोहाला आतड्यात बांधून ठेवतात. गोळी व जेवण यांपासून चहा निदान एक तास, शक्यतो दोन तास दूर ठेवावा. तिने वेळ बदलली आणि पुढच्या तपासण्यांत आकडा चढू लागला.

आता कृती. पाण्याला उकळी आली की भांडे उतरवून तीन-चार मिनिटे निवू द्यावे. कपाला लहान चमचाभर पाने घालून झाकावे व दोन-तीन मिनिटांत गाळावे. गॅसवर खदखदवल्यास तो कडू होतो, मग साखर मागतो, आणि साखर आली की मूळ उद्देशच गेला. उपाशीपोटी मळमळत असेल तर काहीतरी खाऊन घ्यावा. रात्री टाळावा, कारण कॅफीन यातही असते.

बाजारातील अर्काच्या गोळ्यांपासून मात्र दूर राहावे. त्यांतील कॅटेचिनची मोठी मात्रा यकृताला इजा करू शकते. आपण त्या घेत असाल आणि लघवी गडद होऊ लागली किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर गोळ्या त्याच दिवशी थांबवून, बाटली सोबत घेऊन डॉक्टरांकडे यावे.