क्लच प्लेट बदलण्याआधी



कपाशीचे पान लाल पडले की लगेच फवारणीचा पंप पाठीला लावू नका, आधी पान उलटून पाहा, हे आम्ही बैठकीबैठकीत सांगत आलो आहोत. तुडतुडे असतील तर उपाय वेगळा, मॅग्नेशियम कमी पडले असेल तर वेगळा. दारात उभ्या असलेल्या जुन्या फोर-व्हील जीपलाही हाच नियम लागू आहे. एमएम 540 असो की लिलावात घेतलेली लष्करी जीप, गाडी ओढेना झाली की आपण "क्लच गेला" म्हणतो आणि नवी प्लेट टाकतो. हे निदान नव्हे, डोळे मिटून केलेली फवारणी आहे. प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस उतरवावी लागते. मजुरी जाते ती जाते, ऐन वेचणीत गाडीही अडकून पडते.

क्लचची मुख्य दुखणी दोन. एक, क्लच पकडत नाही. दुसरे, क्लच सुटत नाही. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून आधी हे ठरवा.

इंजिन बंद ठेवून पेडल हाताने दाबा. दांडी किंवा केबलवर चालणाऱ्या क्लचमध्ये सुरुवातीचा साधारण इंचभर भाग मोकळा गेला पाहिजे. नेमके माप गाडीच्या पुस्तकात पाहा. मोकळीक उरलीच नसेल तर रिलीज बेअरिंग सतत दाबलेले राहते आणि चांगली प्लेटही घसरते. मोकळीक फार झाली तर क्लच पुरता सुटत नाही. हे काम नट फिरवून भागते, प्लेटला हात लावावा लागत नाही.

मोकळीक बरोबर असूनही चढावर टॉप गिअरमध्ये रेस दिल्यावर इंजिन ओरडते, गाडी वेग घेत नाही आणि जळका वास येतो, तर प्लेट घसरते आहे. मग बेल हाउसिंगखाली पाहा. तेल टपकत असेल तर सीलही बदला, नाहीतर नवी प्लेट त्याच तेलात भिजेल.

आता दुसरे दुखणे. न्यूट्रलमध्ये इंजिन मंद चालू ठेवा, पेडल पूर्ण दाबून पाच-सहा सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरीही गिअर खडखडला तर क्लच सुटत नाही. ऑईलवर चालणाऱ्या क्लचमध्ये पेडल दोन-तीनदा मारल्यावर गिअर पडत असेल, तर लाइनीत हवा किंवा गळती आहे. आधी ऑईलची डबी आणि सिलिंडर तपासा. पेडल दाबताच घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंगवर संशय घ्या. न्यूट्रलमध्ये होणारी घरघर पेडल दाबल्यावर थांबली, तर गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग पाहा.

फोर-व्हील गाडीत आणखी एक चकवा असतो. ट्रान्सफरचा दांडा न्यूट्रलला सरकला की इंजिन फिरते, गाडी जागची हलत नाही आणि क्लच फुकट बदनाम होतो. टू-व्हीलमध्ये न हलणारी गाडी पुढचे हब लॉक करून फोर-व्हीलमध्ये चालली, तर क्लच ठीक आहे. मागचा हाफ शाफ्ट किंवा प्रोपेलर शाफ्ट पाहा.

हे सारे सपाट जागी करा, चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरू नये. जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, तिची धूळ फुंकून उडवू नका.

काळ्या मातीच्या पांदणीत गाडी फसली की हाफ क्लचवर रेटू नका. लो रेंज टाका, ती त्यासाठीच दिली आहे. आणि मिस्त्रीकडे गेलात तर "क्लच गेला" एवढेच सांगू नका. पेडलची मोकळीक किती, रिव्हर्स पडतो का, आवाज कधी येतो, तेल टपकते का, ही चार उत्तरे घेऊन जा. मालाचा भाव ठरवताना आपल्याला कोणी विचारत नाही. दुरुस्तीचा खर्च तरी विचारून, समजून करू या.