खरेदी न झालेल्या औषधांचा हिशेब

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 2023 च्या सप्टेंबरअखेर चोवीस तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात अर्भके होती. अठ्ठेचाळीस तासांचा आकडा 31 वर गेला. नंतरचे दिवस मंत्र्यांच्या भेटींत, आश्वासनांत आणि अधिष्ठात्यांकडून स्वच्छतागृह धुऊन घेण्याच्या एका खासदाराच्या पराक्रमात गेले. ते दृश्य घरोघर पोहोचले आणि खरा प्रश्न मागे पडला. या रुग्णालयासाठी औषधे कोणी, केव्हा आणि कशी विकत घ्यावयाची होती?

हाफकिन महामंडळाकडून औषधे यावयाची होती, ती न आल्याने स्थानिक पातळीवर खरेदी करावी लागली, असे रुग्णालयाच्या प्रमुखांनी आरंभी सांगितले. औषधांचा तुटवडा नव्हताच, असे मागाहून सरकारने सांगितले. प्रत्येक मृत्यूचे खापर औषधांवर फोडणे योग्य होणार नाही. 500 मंजूर खाटांच्या रुग्णालयात त्याहून कितीतरी अधिक रुग्ण होते, मनुष्यबळ अपुरे होते, आणि अनेक रुग्ण शेवटच्या घटकेला दूरवरून आले होते. परंतु औषधे होती की नव्हती, हा वाद भाषणांनी मिटणारा नव्हता. औषधभांडाराची साठा नोंदवही तारखेनिशी लोकांसमोर उघडली असती, तर तो दहा मिनिटांत मिटला असता.

औषधखरेदीचे महाराष्ट्रातले दुखणे जुने आहे. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने 14 रुग्णांचा बळी घेतला. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने पुरवठादार, रुग्णालय, औषध प्रशासन आणि राज्यकर्ते यांच्या संगनमताची लक्तरे वेशीवर टांगली. त्यापासून घेण्याजोगा धडा हा होता की खरेदीवर लोकांची नजर हवी. राज्यकर्त्यांनी घेतलेला धडा निराळा. प्रत्येक गैरव्यवहारानंतर किल्ली अधिक वरच्या खोलीत नेऊन ठेवायची, एवढेच त्यांना सुचले. 2017 मध्ये निरनिराळ्या खात्यांची खरेदी हाफकिनकडे एकवटली. ते चालेना, तेव्हा 2023 मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापण्यात आले. नांदेडच्या घटनेची उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा या प्राधिकरणाला पूर्णवेळ प्रमुखही नसल्याचे पुढे आले. कायदा होता, नामफलक होता, निधीची तरतूद होती. औषध मात्र कंधार-मुखेडच्या बाळंतिणीपर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे सांगणारा कोणी नव्हता.

भ्रष्टाचार म्हणजे कोणीतरी पैसे खाल्ले, अशी आपली समजूत असते. ती अपुरी आहे. तरतूद असताना खरेदी न होणे हाही गैरव्यवहारच होय, आणि त्यात लाच घेतल्याचा पुरावा सापडत नाही म्हणून तो अधिक निर्धोकपणे चालतो. वरून पुरवठा आला नाही की डॉक्टर चिठ्ठी लिहितो आणि मजूर बाप समोरच्या दुकानात उधारी करतो. उरलेली निकड भागवण्यासाठी रुग्णालय घाईने स्थानिक खरेदी करते. घाईची खरेदी चढ्या दराने होते, निविदेची मर्यादा चुकवण्यासाठी तिचे तुकडे पाडले जातात, आणि मालाची पारख करायला उसंत नसते. अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयाला पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत मूळ औषधच नसल्याचे प्रकरण 2024 च्या अखेरीस उघडकीस येऊन गुन्हा दाखल झाला. त्या रुग्णालयाला नाव आहे स्वामी रामानंद तीर्थांचे.

खरेदी एकवटणे मुळातच चूक, असेही नव्हे. तामिळनाडूचे वैद्यकीय सेवा महामंडळ 1995 पासून मध्यवर्ती खरेदीच करते. पण तेथे जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे आहेत, प्रत्येक घाण्यातला नमुना वाटपापूर्वी तपासला जातो, आणि रुग्णालयाच्या हाती पासबुक असते. आपल्या वाट्याची रक्कम किती, उचल किती, शिल्लक किती, हे त्यावरून कोणालाही वाचता येते. हिशेब वाचता येण्याजोगा ठेवल्यामुळेच ती व्यवस्था टिकली.

मराठवाड्याला हे नवे नाही. नांदेडच्या त्या दिवसाच्या बरोबर तीस वर्षे आधी, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात सुमारे 8,000 माणसे गेली. पुढे लातूर-उस्मानाबादच्या गावोगावी घरदुरुस्तीचा कार्यक्रम निघाला, तेव्हा संवाद सहायक म्हणून गावातल्याच स्त्रिया पुढे आल्या. ज्यांना ग्रामसभेत बसायला जागा नव्हती, त्या अभियंत्याला कामाचा जाब विचारू लागल्या. 2007 पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग राज्यातील ज्या पहिल्या पाच जिल्ह्यांत झाला, त्यांत तेव्हाचा उस्मानाबाद होता. तेथे जनसुनावणीत बाहेरून औषध आणायला लावल्याच्या तक्रारी डॉक्टरांच्या तोंडावर मांडल्या गेल्या.

नांदेड आणि लातूरच्या कार्यकर्त्यांपुढचे काम यावरून स्पष्ट व्हावे. मोर्चा काढणे सोपे, नोंदवही वाचणे कंटाळवाणे. मागणीपत्र कोणत्या तारखेचे, पुरवठा आदेश कोणत्या तारखेचा, माल केव्हा आला, तपासणी अहवाल माल वाटण्याआधीचा की नंतरचा, स्थानिक खरेदीचा दर आणि दरकरारातला दर यांत फरक किती, मुदत संपून फेकलेली औषधे कोणती: एवढ्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की कागद आपोआप बोलू लागतो. माहिती अधिकाराच्या कायद्याने 2005 पासून अभिलेख पाहण्याचा हक्क दिला आहे. जिल्हास्तरीय कार्यालयांत व स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहू द्यावेत, असा 2018 चा शासन निर्णयही आहे. त्या वेळेला तेथे जाऊन बसणारे किती आहेत?

एका गोष्टीची कबुली दिली पाहिजे. माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा आणि साहेबाच्या दालनात तो मिटवायचा, असा धंदा करणारेही तालुक्यातालुक्यांत निपजले आहेत, आणि प्रामाणिक कारकून त्यांच्यामुळे प्रत्येक अर्जदाराकडे संशयाने पाहतो. म्हणून हे काम एकट्याने करू नये. चौघांनी मिळून जावे, पाहिलेल्या नोंदींची प्रत त्याच आठवड्यात चावडीवर लावावी, आणि दालनातला चहा नाकारावा. औषधभांडाराचा कारकून हा शत्रू नव्हे. वरून माल येत नाही हे सर्वांत आधी त्यालाच कळते, आणि ते कोणाला सांगावे हे त्यालाही ठाऊक नसते.

बाह्यरुग्ण विभागाच्या दारात तासभर उभे राहून बाहेरच्या दुकानाकडे जाणाऱ्या चिठ्ठ्या मोजायला तर अर्जही लागत नाही.