आजार सुरू होतो आईच्या पोटात, औषध अडतं किमतीवर

बाळाची पापी घेतली आणि ओठांना खारट लागलं, तर? सिस्टिक फायब्रोसिस ओळखण्याची ही जुनी खूण. घामात मीठ जास्त असतं, कारण सीएफटीआर नावाचं एक आयन चॅनल बिघडलेलं असतं.

आयन चॅनल म्हणजे पेशीच्या आवरणातलं बारीक दार. सीएफटीआरमधून मुख्यतः क्लोराइड जातं, त्यामागे पाणी येतं आणि शरीरातल्या नळ्यांमधला चिकट स्राव पातळ राहतो. दार अडलं की स्राव घट्ट होतो आणि फुफ्फुसात जंतू मुक्काम ठोकतात.

पण हे दार गर्भातही कामाला असतं, याची चर्चा फारशी होत नाही. ते बिघडलं तर स्वादुपिंडाच्या नळ्या जन्माआधीच तुंबू लागतात. काही बाळांची पहिली काळी शी आतड्यातच अडकते. आणि या आजाराच्या जवळपास सगळ्याच मुलग्यांना शुक्रवाहिनी जन्मतःच नसते. नंतर कितीही भारी औषध द्या, ती काही उगवत नाही.

मग औषध पोटातच दिलं तर? २०१९ मध्ये फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यावर हा प्रयोग झाला. गाभण माद्यांना आयव्हाकाफ्टर दिलं आणि पिल्लांचं स्वादुपिंड, शुक्रवाहिनी बऱ्यापैकी वाचली. २०२२ मध्ये एका गर्भवतीची केस प्रसिद्ध झाली. ती स्वतः फक्त वाहक होती, पण गर्भाच्या आतड्यात अडथळा दिसल्यावर तिने ट्रायकाफ्टा घेतलं आणि अडथळा सुटला. अर्थात, ही एक केस झाली. नियम म्हणून धरता येणार नाही.

आता खरी अडचण. अमेरिकेने ऑक्टोबर २०१९ मध्ये मंजूर केलेल्या ट्रायकाफ्टाची तिथली सुरुवातीची किंमत होती वर्षाला सुमारे ३ लाख ११ हजार डॉलर. शिवाय जनुकातल्या प्रत्येक बिघाडावर ते चालत नाही, आणि भारतीय रुग्णांमध्ये वेगवेगळे बिघाड बरेच सापडतात. म्हणजे आधी जनुकीय तपासणी हवी.

२०२३ मध्ये भारतासह काही देशांतल्या रुग्णांच्या कुटुंबांनी आपापल्या सरकारांकडे स्वस्त जेनेरिकचा मार्ग मोकळा करण्याची मागणी केली. यासाठी आपल्या पेटंट कायद्यात सक्तीच्या परवान्याची तरतूद आहे. २०१२ मध्ये ती नॅटको कंपनीसाठी वापरली गेली. तेव्हा बायरच्या कॅन्सरवरच्या नेक्साव्हारचा महिन्याचा खर्च सुमारे २.८ लाखांवरून ८,८०० रुपयांवर आला होता.