फुप्पीचा गुडघा आणि सजदा

आमच्या फुप्पीचं आयुष्य पिंपळीत उसाच्या खुरपणीत आणि चुलीपुढं गेलं. आता दोन्ही गुडघे झिजलेत. डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगून दोन वर्षं झाली, पण फुप्पी ऐकत नाही. कारण विचारलं तर म्हणाली, "बेटी, घुटना काटके निकालते बोलते. फिर सजदा कैसा करूं?"

ही भीती बऱ्याच घरांत आहे, म्हणून यावेळी हाच विषय.

खरं तर गुडघा कापून टाकत नाहीत. मांडीचं आणि नडगीचं हाड जिथं भेटतं, तिथं दोन्ही टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. ती झिजली की हाडावर हाड घासतं. शस्त्रक्रियेत या टोकांचा साधारण 1 सेंटिमीटर जाडीचा थर काढतात. मग दाताला कॅप बसवावी तशी मांडीच्या हाडावर धातूची टोपी बसवतात, नडगीवर धातूची चकती आणि मधे टणक प्लास्टिकची गादी. बहुधा हे भाग खास सिमेंटनं हाडाला चिकटवतात. स्नायू आपलेच राहतात, म्हणून एक-दोन दिवसांतच वॉकर धरून चालवतात आणि पुढं कित्येक आठवडे व्यायाम करावा लागतो. तो टाळला तर सांधा आखडतो.

पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयींचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले होते, डावा 2000 साली आणि उजवा 2001 साली. डॉ. चित्तरंजन राणावत त्यासाठी न्यूयॉर्कहून आले होते. तेव्हा ही मोठ्यांची गोष्ट वाटायची. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारनं कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची किंमत दीड लाखावरून सुमारे 55 हजारांवर आली. रुग्णालयाचा खर्च मात्र वेगळा असतो, तो आधी लेखी विचारून घ्यावा.

आता सजद्याचं. नवा सांधा बहुतेकांचा 110 ते 120 अंशांपर्यंत वाकतो. चालणं, जिना चढणं जमतं. मांडी घालणं, उकिडवं बसणं, कायद्यात बसणं बहुतेकांना जमत नाही. जंतुसंसर्गाचा धोका थोडा असतो, म्हणून साखर आधी आटोक्यात हवी. सांधा साधारण 15 ते 20 वर्षं टिकतो.

हे सगळं सांगून मी विचारलं, "फुप्पी, आज तू सजदा कुठं करतेस?"

ती गप्प झाली. दोन वर्षांपासून ती खुर्चीवरच नमाज पढते. जमिनीवरचा सजदा झिजलेल्या गुडघ्यानं आधीच नेलाय. नाइलाज असलेल्याला बसून नमाजची सवलत दीननंच दिली आहे. मग वेदना सोसत घरात कोंडून राहण्यात कसलं पुण्य?

फुप्पीनं चष्मा पुसला. म्हणाली, "शुगर तपासायला बारामतीला कधी जायचं?"