निखारे, पाय आणि मेंदू

शिरगावच्या लईराईच्या जत्रेचा विषय निघाला की आमच्या डिचोलीत लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, देवीचा चमत्कार. दुसरा म्हणतो, त्यात काय एवढं, निखारा उष्णता हळूहळू देतो आणि पाय क्षणभरच टेकतो. दुसऱ्याचं भौतिकशास्त्र बरोबर आहे. पण मला ते अर्धंच वाटतं. मुळात तो पाय पुढे पडतो कसा?

आपण म्हणतो पाय दुखतो. खरं तर पायाकडून नुसता निरोप जातो; दुखलं की नाही ते मेंदू ठरवतो. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलं की हा निरोप मज्जारज्जूतच अडवता येतो, आणि वरून मेंदूही तो अडवू शकतो. १९७८ मध्ये दाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग झाला. औषध म्हणून काहीच नसलेलं इंजेक्शन दिलं तरी काहींचं दुखणं कमी झालं; अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणारं औषध दिल्यावर ते परत वाढलं. म्हणजे नुसत्या विश्वासाने मेंदू स्वतःचं वेदनाशामक तयार करतो! मग धोंडांचं कित्येक दिवसांचं सोवळं, तळीवरची आंघोळ, हातातला वेत, मोगरीच्या कळ्या, या सगळ्याला नुसतं 'कर्मकांड' म्हणून कसं चालेल?

स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके गावातही निखाऱ्यांवरून चालतात. तिथल्या अभ्यासात (२०११) चालणाऱ्याच्या आणि बघणाऱ्या नातेवाइकांच्या हृदयाचे ठोके एका चालीने वरखाली होताना दिसले. परक्या प्रेक्षकांचे नाही. आपल्याकडे तर म्हापशाची मिलाग्रीस सायबीणसुद्धा लईराईची बहीण मानतात, तेव्हा नातेवाईक कोणाला म्हणायचं हाही प्रश्नच.

पण याच मेंदूची एक मर्यादा आहे, आणि तिच्याबद्दल आपण बोलत नाही. मे २०२५ मध्ये याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे जीव गेले. दाट गर्दीत मागच्याला पुढच्याची घुसमट कळतच नाही. तो निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याला फक्त ढोल ऐकू येतो, पुढे जायची ओढ वाटते. अशा वेळी 'लोकांनी शिस्त पाळावी' हा उपदेश फुकट आहे. उतारावरच्या अरुंद वाटा, येण्याजाण्याचे वेगळे मार्ग, एका वेळी किती माणसं सोडायची, हे आधी शुद्धीवर असलेल्यांनी ठरवायचं असतं. धोंड आपल्या व्रताची तयारी कित्येक दिवस आधी सुरू करतो. गर्दीची तयारी करणाऱ्यांनीही निदान तेवढे दिवस द्यावेत, एवढंच माझं मागणं आहे.